वाळू, चिखल आणि खारे पाणी : एटीव्हीच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न

किनाऱ्यावरील सहली, डोंगरातील रिसॉर्ट आणि मोठे फार्महाऊस यांमुळे चार फुगीर चाकांची एटीव्ही, म्हणजे वाळू-चिखलासह कोणत्याही जमिनीवर चालणारी गाडी, आता आपल्याकडे अनोळखी राहिलेली नाही. तिची दुरुस्ती मात्र अजूनही बहुधा दुचाकीच्या गॅरेजमध्ये, अंदाजाने होते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न उत्तरासाठी निवडले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे पर्यटकांना फिरवण्यासाठी २५० सीसीची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) असलेली एटीव्ही आहे. पावसाळ्याचे चार महिने ती शेडमध्ये झाकून ठेवली होती. आता ती चोक ओढल्यावर सुरू होते. पण चोक बंद केला की लगेच बंद पडते आणि पिकअपही घेत नाही. मेकॅनिक म्हणतात की इंजिनाचे काम निघाले आहे. खर्च मोठा आहे. काय करावे?
— एक वाचक, नागाव (ता. अलिबाग)

उत्तर : इंजिन उघडू देऊ नका. आपण जे लक्षण लिहिले आहे, त्यातच बहुतेक निदान दडलेले आहे. चोक ओढल्याने इंजिनात जाणाऱ्या मिश्रणातील हवेच्या तुलनेत पेट्रोलचे प्रमाण वाढते. तेव्हा जे इंजिन केवळ चोकवर चालते, त्याला एरवी एकतर पेट्रोल कमी पडत असते, किंवा कोठून तरी जास्तीची हवा मिळत असते. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पहिली शक्यता अधिक. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणातील पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, तर उरलेले पेट्रोल हळूहळू उडून जाऊन त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत जमतो. त्यात सर्वांत आधी बुजतो तो पायलट जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा छोटा सच्छिद्र भाग, कारण त्याचे छिद्र सर्वांत बारीक असते आणि कमी वेगावर इंजिनाला पेट्रोल पुरवण्याचे काम त्याचेच असते.

प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाऊलच्या (कार्ब्युरेटरखालील पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करा आणि आतील पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. थोडा वेळ ते स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकीतील सर्व जुने पेट्रोल काढून टाकावे लागेल. अन्यथा साफ केलेला कार्ब्युरेटर आठवड्याभरात पुन्हा बुजेल. त्यानंतर कार्ब्युरेटर उतरवून पायलट जेट काढा आणि उजेडाकडे धरून पाहा. छिद्रातून स्वच्छ गोल प्रकाश दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरावा. तार किंवा सुई घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण जेट मऊ पितळेचा असतो आणि छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले हे कागदावर लिहून ठेवा, म्हणजे परत बसवताना मूळ जागा सापडेल.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग तपासा. खाऱ्या हवेत आणि उन्हात त्याला बारीक तडे जातात. इंजिन चालू असताना त्यावर स्प्रेने थोडे पाणी मारले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर जास्तीची हवा तेथूनच आत जात आहे. त्यानंतरचा क्रम टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा. अशा अनेक लहान इंजिनांत टॅपेटची फट थंड इंजिनावर सुमारे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, तरी आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) गळते आणि इंजिनाचे काम निघाले असा समज होतो. हे सर्व तपासून झाल्यावर आणि गेज लावून कॉम्प्रेशन मोजल्यावरच इंजिन उघडण्याचा विचार करावा. मोजमाप न करता दिलेला एवढ्या खर्चाचा सल्ला कोणीही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एका पर्यटकाने गाडी लाटेत घातली. ती जागीच बंद पडली आणि सीटपर्यंत पाण्यात होती. बाहेर काढून अजून सेल्फ मारलेला नाही. पुढे काय करावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : सेल्फ मारला नाही, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन, बहुधा त्यामुळेच इंजिन वाचले आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, तर ते पाणी कोठेच जाऊ शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरीची ऋण तार काढून ठेवा, एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) उघडून त्यातील पाणी काढा आणि भिजलेला फिल्टर बाजूला ठेवा. मग स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने किंवा किकने सावकाश फिरवा, म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडेल. त्या वेळी तोंड भोकासमोर ठेवू नये. किक नसल्यास बॅटरी जोडून सेल्फने फिरवता येईल; मात्र प्लगची वायर बाजूला करून तिला अर्थ द्यावा (इंजिनाच्या धातूला जोडावे), म्हणजे ठिणगी उडणार नाही. इंजिन फिरतच नसेल, तर जोर लावू नका आणि जाणकाराला बोलवा.

आता ऑइल पाहा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर आत पाणी मिसळले आहे. ते ऑइल काढून, नवा फिल्टर व नवे ऑइल घालून, नव्या पेट्रोलवर इंजिन काही मिनिटेच चालवा, बंद करा आणि ऑइल पुन्हा तपासा. रंग स्वच्छ होईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागते. या धुण्याच्या फेऱ्यांसाठी महाग ऑइल नको, पण वेट क्लच (ऑइलमध्ये बुडालेला क्लच) असलेल्या गाडीत जासो एमए या, अशा क्लचसाठीच्या जपानी मानकाचेच ऑइल हवे. मोटारीच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू लागतो.

बहुतेक जण येथे थांबतात, आणि महिन्याभराने मागील गिअरबॉक्स आवाज करू लागतो. गिअरबॉक्स व डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) यांना हवेसाठी बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते आणि ती नळी किंवा झिजलेली सील यांतून पाणी आत ओढले जाते. म्हणून तेथील ऑइलही बदलाच. बेल्टच्या कव्हरमधील पाणी तळाच्या बुचातून काढा. ब्रेकचे कॅलिपर उतरवून त्यांच्या सरकत्या पिना स्वच्छ करून योग्य ग्रीस लावा, विजेचे जोड उघडून वाळवा, आणि संपूर्ण गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. जोराचा फवारा बेअरिंगच्या सीलमधून मीठ आतच ढकलतो. मीठ रात्रभर थांबत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्या दिवशीवर टाकू नये. गाडी लाटेत गेली नसली, तरी किनाऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला रोज संध्याकाळी असे धुणे आवश्यक आहे.

प्रश्न : डोंगर उतारावरील शेतात मी गिअर न बदलता चालणाऱ्या एटीव्हीला लहान ट्रेलर जोडून खत नेतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही आणि रबर जळल्यासारखा वास येतो. क्लचप्लेट बदलावी का?
— एक शेतकरी वाचक, भोर

उत्तर : आपली गाडी गिअर न बदलता चालणारी असल्याने तिच्यात बहुधा स्कूटरप्रमाणे बेल्टची रचना आहे. दोन पुलींमध्ये बेल्ट फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की इंजिनाकडील पुलीच्या तबकड्या जवळ येऊन बेल्टला घट्ट पकडतात आणि वर सरकवतात. ही पकड सुटली की इंजिन नुसते ओरडते आणि घासलेल्या बेल्टचा वास येतो.

कव्हर उघडून बेल्टची रुंदी मोजा आणि पुस्तिकेतील किमान मापाशी ताडून पाहा. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तडे किंवा एका ठिकाणी जळाल्याची खूण असेल, तर बेल्ट बदला आणि त्यावरील बाणाची दिशा पाहून बसवा. पुलींच्या तबकड्या ब्रेक क्लीनरने पुसाव्यात. तेथे ग्रीसचा थेंबही राहता कामा नये. बेल्ट केवळ ओला झाला असेल, तर पाणी काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडा वेळ इंजिन चालवल्याने तो वाळतो.

मात्र आपल्या वर्णनावरून खरे कारण वापरात असावे, असे वाटते. ओझ्यासह चढ चढताना आपण ‘लो’ रेंज वापरता का? ‘हाय’मध्ये सावकाश, जड ओझे ओढताना बेल्ट पुलीवर घसरत राहतो आणि तापतो. चढ सुरू होण्यापूर्वी, गाडी पूर्ण थांबवून ‘लो’ टाका, ट्रेलरमधील माल पुस्तिकेतील मर्यादेत ठेवा, आणि थंड हवा आत घेणारी नळी गवताने किंवा चिखलाने बुजलेली नाही हे पाहा.

प्रश्न : सपाट जमिनीवरही गाडी डावीकडे ओढते. हँडल, टाय रॉड, बॉल जॉइंट सर्व तपासले, कोठेही ढिलेपणा नाही.
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : टायरमधील हवा कशाने मोजली? एटीव्हीच्या टायरमध्ये अनेकदा ५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपासच हवा असते आणि पेट्रोल पंपावरील मोटारीचे गेज एवढ्या कमी दाबावर विश्वासार्ह नसते. त्यासाठी कमी दाबाचे वेगळे गेज घ्या. आपल्या गाडीचा मागील आस सरळ, म्हणजे डिफरन्शियल नसलेला असेल, तर दोन्ही मागील चाके सक्तीने सारखीच फिरतात. अशा वेळी डाव्या टायरमध्ये हवा थोडी कमी असली की त्याचा घेर लहान होतो, ते चाक तेवढ्याच फेऱ्यांत कमी अंतर कापते आणि गाडी डावीकडे वळत राहते. हवा सारखी करूनही फरक पडला नाही, तर दोन्ही मागील टायरांचा घेर दोरीने मोजा. एक टायर नवा आणि एक झिजलेला असणे, हे याचे नेहमी आढळणारे कारण आहे. तसे असल्यास मागील टायर जोडीनेच बदलावे लागतील.