घरात मोबाइल एकच आणि शिकणारे तिघे: फुकटात, मराठीतून काय शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तुम्ही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आई गावच्या आशाताई (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका), धाकटी बहीण आठवीत आणि घरात स्मार्टफोन एकच. पैसे न घालता, शक्यतो मराठीतून, खरंच काही शिकता येतं का, की नुसते व्हिडिओ बघून वेळ जातो, असं तुम्ही विचारलंय. शिकता येतं, नक्की येतं. मी अमळनेर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. अशाच घरांतली मुलं रोज माझ्यासमोर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन एकच असेल तर निवडताना एवढंच बघा: दहा मिनिटं बघून दोन तास हाताला काम लागेल असं काय आहे? जे तासन्‌तास नुसतं बघत बसावं लागतं, ते तूर्त बाजूला ठेवा.

माझं ऐकाल तर फोन आधी आईला द्या. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम आहे. तो संगणक शिकवण्यासाठी ओळखला जातो, पण त्यात आरोग्य आणि पोषणाची वेगळी मालिका आहे आणि ती मराठीतही आहे. स्तनपानाचे त्यातले व्हिडिओ आईंनी जरूर बघावेत. बाळाला नीट कसं लावायचं ते त्यात बारकाईने दाखवलंय. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलेलं हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी आणि नुसती बोंडी नव्हे, तर तिच्याखालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. बाळ नुसती बोंडीच चोखत राहिलं तर दूध पुरेसं येत नाही, बाळंतिणीच्या बोंडीला चिरा पडतात आणि मग घरचे ‘हिला दूधच नाही’ म्हणत वरचं दूध सुरू करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत ६ गृहभेटी असतात. पहिल्याच भेटीत हे दाखवता आलं तर केवढं काम होईल! पाड्यावर रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा घरूनच डाउनलोड करून न्या.

आरोग्याच्या बाबतीत मी एक नियम कडक पाळते. व्हिडिओ कुणी केलाय ते कळत नसेल तर तो बघायचा नाही, पुढे तर पाठवायचाच नाही.

आता बहीण. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी आहेत, छोट्या फिल्मा आहेत आणि मराठी पुस्तकंही आहेत, सगळं मोफत. तिथली साधी मोटार तिला करायला लावा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, छोटं चुंबक आणि तांब्याची इनॅमल चढवलेली तार, एवढंच लागतं. तार विकत आणू नका. आपल्या केळीच्या पट्ट्यात पंपाच्या मोटारी जळतच असतात, रिवाइंडिंगच्या दुकानात अशा तारेचे तुकडे मागितले तर मिळतात. त्यातली बारीक तार घ्या, आठ-दहा वेढ्यांचं वेटोळं करा आणि दोन्ही टोकांवरचं इनॅमल खरवडा. पण पूर्ण खरवडायचं नाही, एका बाजूचं राहू द्यायचं. दोन्ही टोकांची तीच बाजू हवी. सगळं काढलं तर वीज सतत वाहते, अर्धा फेरा झाला की चुंबकाचा रेटा उलटा बसतो आणि वेटोळं जागच्या जागी हेलकावत राहतं. एक बाजू राखली की नेमक्या त्या वेळी वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. दिक्परिवर्तक, म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातल्या विजेची दिशा उलटवणारा मोटारीतला भाग, पुढे दहावीत येतो तेव्हा मुलं व्याख्या पाठ करतात. ज्यांनी ही तार खरवडलेली असते, त्यांना ती पाठ करावी लागत नाही.

जोडीला ‘फेट’ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरच करून बघायचे प्रयोग आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, त्यातली बरीच आता मराठीत आहेत आणि फोनच्या ब्राउझरवर चालतात. विद्युत परिपथाचं आधी काढा. चित्रकलेची आवड असेल तर आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाचं ‘डी-सोर्स’ बघा. देशभरच्या कारागिरीवर तिथे भरपूर साहित्य आहे, पण बहुतेक इंग्रजीत. तरी चित्रं आणि फोटो बघून पुष्कळ कळतं.

राहिलात तुम्ही. पायथन किंवा लिब्रेऑफिस शिकायचं असेल तर स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे घ्या. साधारण दहा मिनिटांचा धडा असतो, थांबवत थांबवत शेजारी स्वतः टाइप करत जायचं अशी त्याची रचनाच आहे. पेन ड्राइव्हवर घ्या आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बसा. फोन लागणारच नाही.

पदवीच्या विषयांसाठी एनपीटीईएलचे मोफत ऑनलाइन कोर्स. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्थेने) २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आता ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर कोर्स चालवतो. शिकवणं इंग्रजीतच असतं, काही कोर्सेसच्या व्याख्यानांचे मराठी अनुवाद मिळतात. शिकायला, दर आठवड्याचे स्वाध्याय सोडवायला एक पैसा लागत नाही. परीक्षा द्यायची असेल तरच फी, साधारण हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना निम्मी. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. स्वाध्यायांना २५ गुण, परीक्षेला ७५. हेच कोर्स ‘आमच्याकडे नाव नोंदवा’ म्हणून कुणी पैसे घेऊन देऊ लागलं तर सरळ नाही म्हणा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून करता येतात. पण कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात तुमच्या अभ्यासक्रमाला नेमका कोणता कोर्स चालेल, किती श्रेयांक (क्रेडिट) धरतील, हे नाव नोंदवण्याआधी कॉलेजात विचारून घ्या. सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. पहिल्यांदा आठ आठवड्यांचा एकच कोर्स घ्या. आठपैकी सर्वांत चांगले सहा स्वाध्याय धरतात, त्यामुळे परीक्षेच्या किंवा केळी कापणीच्या धांदलीत दोन आठवडे गेले तरी चालतं. परीक्षेची फी मात्र लगेच भरू नका. पहिले दोन-तीन स्वाध्याय स्वतःच्या बळावर सुटतायत का ते बघा, शेवटची तारीख लिहून ठेवा आणि मग भरा.