शिवत बसते, आणि मग लाज वाटते

“घरचं आवरून मी हाताने शिवत, भरत बसते. फार बरं वाटतं. पण उठले की अपराध्यासारखं होतं. यातून चार पैसे येत नाहीत, मशीनवर एका दिवसात होईल त्याला मी दोन-दोन महिने घालवते. माझं चुकतंय का?” बायका मला हे वरचेवर विचारतात. त्यांच्या घरची माणसं तेच दुसऱ्या टोकाने विचारतात: “सारखी तेच घेऊन बसते, हिला काही झालं तर नाही ना?”

एका घरातून हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी माझ्यासमोर आले. त्या घराची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, एवढंच पुरे. बाईंना मी ताई म्हणायची, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.

मार्च महिना होता. कापसाची उलंगवाडी झाली होती, म्हणजे शेवटची वेचणी संपली होती, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर रचल्या होत्या, तूर घरात आली होती. ताईंचं वय ४६. दिवाळीपासून वेचणी केलेल्या त्यांच्या बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे अजून दिसत होते. लेक सासरी, मुलगा पुण्याला कंपनीत, घरी नवरा, सासू आणि त्या. गावातल्या आशा सेविकेने दोघा नवरा-बायकोला ग्रामीण रुग्णालयात माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं.

ताईंचे यजमान, त्यांना मी भाऊ म्हणते, ते आधी बोलले. “मॅडम, काम सरलं का हे दारात बसते. सुई आन् दोरा. बोलावलं तर हो म्हणते, पण उठत नाही लवकर. डोकं दुखते म्हणते तरी बसते. मशीन घेऊन देतो म्हटलं तर नाही म्हणते. एकडाव पाहून घ्या, डोक्यात काही झालं का हिच्या.”

भाऊंना बाहेर बसवलं आणि ताईंना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, “तीन-तीन घंटे कसे जाते समजत नाही. मी मजेत असतो तवा. मंग उठलो का लाज वाटते.”

“काऊन लाज?”

“सारे म्हणते, हे रिकाम्या बायाचं काम हाय.”

माझ्याकडे एक नऊ प्रश्नांची यादी असते. मागच्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, हे विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, सगळे मिळून २७. उदासीचा आजार आहे का, असल्यास किती, याचा अंदाज त्यावरून येतो. त्यातला अगदी पहिला प्रश्न असतो, काहीही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का. ताईंनी मान हलवली, नाही. सगळी यादी संपल्यावर बेरीज आली ३, तीही दमल्यामुळे आणि मुलाच्या काळजीने मोडणाऱ्या झोपेमुळे. चारपर्यंतच्या बेरजेत आजार धरत नाहीत.

भाऊंना मी हेच समजावून सांगितलं. उदासीचा आजार बहुतेकदा माणसाच्या हातून आवड काढून घेतो. ज्या बाईला भजन आवडायचं ती भजनाला जाईनाशी होते, जिला अंगणात सडा-रांगोळी केल्याशिवाय चैन पडत नव्हती तिचं अंगण तसंच राहतं. तुमच्या घरी उलटं आहे. सुई हातात घ्यावीशी वाटते, ही तब्येत बरी असल्याची खूण आहे. ज्या दिवसापासून ती घ्यावीशी वाटणार नाही, तेव्हा मला फोन करा.

डोकेदुखीचं कारणही त्याच बैठकीत सापडलं. ताईंनी थैलीतून मॅटीच्या, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीच्या कापडाचा तुकडा काढला आणि दाखवताना हात लांबच लांब नेला. चाळिशी लागली होती, दुसरं काही नाही. नेत्रतपासणीच्या दिवशी चष्म्याचा नंबर निघाला आणि डोकं दुखणं थांबलं. कित्येक घरांत ‘शिवून शिवून डोकं चढतं’ म्हणून सुई सोडवतात, तिथे आधी डोळे तपासून घ्यावेत.

त्या तुकड्यावर मोर होता. शाळेत सातवीला शिकलेली फुल्यांची दसुती, तीस वर्षांनी पुन्हा काढलेली. मी कौतुक करायला लागले तर त्यांनी कापड उलटं केलं. “उलटी बाजू पाहा मॅडम. सुलटी तर कोणीबी चांगली करते.” मागे एक गाठ नव्हती. दोऱ्याची शेपटं टाक्यांखालीच दडवलेली होती. त्या कापडात एका इंचात १४ घरं होती, म्हणजे एका चौरस इंचात १९६ फुल्या. सहा इंच लांब, सहा इंच रुंद तुकडा सगळा भरला तर ७,०५६. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर काढून घ्यायचे, बोथट टोकाची सुई घरातून वर, घरातून खाली. एका ओळीत आधी सगळे तिरपे टाके घालत जायचं आणि परतताना फुल्या पुऱ्या करायच्या, म्हणजे वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला राहतो आणि उजेड पडला की मोर एकसारखा चमकतो. एक घर चुकलं की पुढची सारी ओळ सरकते, मग उसवणं आलं. माणूस घरं मोजत असतो तेव्हा पुढच्या हंगामाच्या बियाण्याची उधारी मोजू शकत नाही. ताई ज्याला मजा म्हणत होत्या त्यातला बराच भाग हा असावा असं मला वाटतं. मनाला एका वेळी एकच मोजणी जमते.

इथपर्यंत माझं ठीक चाललं होतं. त्यानंतर मी चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही. ताईंची लाज घालवायची म्हणून मी त्यांना बचत गटाच्या बायांशी जोडून दिलं. चार पैसे आले की घरचे गप्प बसतील, असा माझा हिशेब. एका प्रदर्शनासाठी १२ तोरणांची मागणी मिळाली, तारीख ठरली.

मे महिन्यात ताई परत आल्या त्या चेहरा उतरवून. चार तोरणं झाली होती, आठ बाकी होती. मान आखडलेली, सासूवर दोनदा चिडून झालेलं. “आता सुई पाहिली का पोटात गोया येते,” म्हणाल्या. ती नऊ प्रश्नांची यादी मी पुन्हा काढली. पहिल्याच प्रश्नावर त्या थांबल्या.

मला खरंच वाईट वाटलं. कॉलेजात शिकलेला एक प्रयोग मी विसरले होते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, आपणहून चित्रं काढणाऱ्या मुलांना घेतलं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांची आवड टिकून राहिली. मी ताईंच्या बाबतीत नेमकं तेच केलं होतं. लाज हे त्यांचं दुखणं होतं, आणि मी औषध दिलं कमाईचं.

भरतकामावर ज्यांची चूल पेटते अशा बाया माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या घामाला मी कमी लेखत नाही. पण पोटासाठी भरायचं कापड आणि जिवासाठी भरायचं कापड एकाच थैलीत ठेवू नये, हे मी ताईंकडून शिकले. गटाशी मी स्वतः बोलले, उरलेली तोरणं दोघींनी वाटून घेतली. ताईंना म्हटलं, आता असं काहीतरी काढा ज्याची कोणीच वाट पाहत नाही.

त्यांनी गोधडी काढली. आईची दोन सुती नऊवारी लुगडी पेटीत होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. एक खाली, एक वर, मध्ये नवऱ्याची फाटकी धोतरं आणि मुलाच्या शाळेच्या गणवेशाचे उसवलेले तुकडे. सारवलेल्या जमिनीवर थर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, सुरकुत्या हाताने बाहेर काढल्या आणि लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरले. मग काठापासून धावदोरा. कडेने एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, चौकटीत चौकट, मध्यापर्यंत.  दुपारी एकच चौकट, जास्त नाही, असं आम्ही ठरवलं.

वेळही ठरवली, दोन ते चार. मे महिन्यात त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, शेतात कोणी जात नाही. घरात सांगून टाकायचं, हे दोन तास माझे. चोरून केलेल्या गोष्टीची लाज वाटते, सांगून केलेल्या गोष्टीची हळूहळू कमी होते. अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायचं, लांबच्या झाडाकडे पाहायचं, मान मोकळी करायची.

भाऊ त्या खेपेला सोबत होते. त्यांचं म्हणणं होतं, “मशीनवर गोधडी एका दिवसात होते मॅडम. मंग हातानं काऊन?” मी त्यांना विचारलं, उलंगवाडी झाल्यावर शेतात काय काम असतं?

“आता काही नाही. नांगरटी झाली.”

“मग रोज संध्याकाळी चक्कर मारता, असं ताई सांगत होत्या.”

“हो, जातो ना.”

“तिथं काय करता?”

ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. “काही नाही. धुऱ्यावर बसतो.”

“किती वेळ?”

“अंधार पडेलोक.”

कोणी काही बोललं नाही. ताई खाली पाहून पदराचं टोक गुंडाळत होत्या. मशीनचा विषय त्यानंतर निघाला नाही.

असाच प्रश्न ज्यांच्या घरी आहे त्यांनी किती तास बसते हे मोजत बसू नये. हाक मारली तर थोड्या वेळाने का होईना उठते का, उठल्यावर जेवते-बोलते का, रात्री झोपते का, हे पाहावं. एक टाका वाकडा गेला म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा उसवते, रात्र रात्र शिवते, शिवताना रडते, माणसं टाळायला म्हणून सुई धरते, असं दिसलं तर मात्र थांबू नका. आणि जगणं नको झालं असं कोणी एकदा जरी बोललं, सहज बोलल्यासारखं जरी बोललं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. आमच्या भागात हा नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

मिरग लागला, पेरणी आली, डवरण-निंदण आलं. गोधडी अर्धी राहिली, गुंडाळून माळ्यावर गेली. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. “पाऊस उघडला का घेईन,” म्हणाल्या. आता सासूबाईही शेजारी बसतात. त्यांना सुईचं नेढं दिसत नाही, त्या फक्त काठ ताणून धरतात आणि कोणता तुकडा कोणाच्या सदऱ्याचा ते सांगतात. बऱ्याचदा चुकीचं सांगतात, त्यावरून दोघींचा वाद होतो.

पोळ्यानंतर एके सकाळी भाऊंचा फोन आला, आवाज घाबरलेला.

“मॅडम, गोधडी काढून ठेवली, पण दोन दिवस झाले हिनं सुई नाही धरली. तुम्ही सांगितलं होतं तसं झालं. आणू का?”

“घेऊन या.”

ताप होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. मीही नऊ प्रश्न विचारून घेतले, त्यात काही निघालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी सव्वादोनला पुन्हा त्यांचाच फोन.

“बसली मॅडम. दारात.”