लिव्हरपूलचा 'लास्कर' आणि आपलं 'लष्कर'

प्रश्न असा आहे: लिव्हरपूल बंदराच्या इतिहासात हिंदी खलाशांना सगळीकडे 'लास्कर' म्हटलेलं दिसतं. हा शब्द आपल्या 'लष्कर'वरूनच आला का? आणि मराठीत लिहिताना सरळ 'खलाशी' लिहिलं तर चालेल का?

पहिल्या भागाचं उत्तर 'हो'. मूळ फारसी 'लश्कर', म्हणजे फौज. पोर्तुगीजांनी त्यावरून 'लस्करीं' केला आणि तो इथल्या भाडोत्री पायदळ शिपायाला लावला. इंग्रजांनी तो उचलला तेव्हा तोफा ओढणारा, तंबू ठोकणारा गडीही लास्करच होता. पुढे जमिनीवरचा अर्थ मागे पडला आणि जहाजावरचा उरला. मराठीत मात्र शब्द फौजेपाशीच राहिला. पुण्यातल्या कॅम्पला जुने लोक अजून 'लष्कर'च म्हणतात. एकाच शब्दाचे दोन वंशज एकमेकांना ओळखतही नाहीत, तसं हे झालं.

दुसऱ्या भागाचं उत्तर जरा लांब आहे, कारण लिव्हरपूलमध्ये 'लास्कर' हा कराराचा शब्द होता. १८२३च्या कायद्याने ठरवून टाकलं की लास्कर ब्रिटिश मुलखात जन्मला असला, तरी त्याला ब्रिटिश खलाशी धरायचं नाही. तो मुंबई-कलकत्त्यात वेगळ्या करारावर अंगठा उठवायचा. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शापासून पाचव्या हिश्शापर्यंत. विलायतेत त्याला मोकळं करायचं नाही, परत नेऊन सोडायचं. १९०६ साली ब्रिटिश खलाशाची झोपायची जागा ७२ घनफुटांवरून १२० घनफूट झाली. लास्कराची ३६ घनफूट होती तेवढीच राहिली. आता हाच माणूस लिव्हरपूलला जहाजावरून पसार झाला आणि तिथल्या करारावर दुसऱ्या बोटीवर चढला, तर काम तेच, हात तेच, पण पगार कितीतरी वाढलेला. कागदावर तो लास्कर उरलाच नाही. कंपन्या पळून जाणाऱ्यांना एवढ्या का भ्यायच्या, ते इथे कळतं. १९२५च्या हुकुमाने परदेशी 'काळ्या' खलाशांना पोलिसांत नोंद सक्तीची झाली. प्रत्यक्षात ज्याच्यापाशी ब्रिटिश प्रजाजन असल्याचा पुरावा नाही, असा हिंदी माणूसही त्यात अडकायचा.

जहाजावरची भाषा पाहिलीत तर मराठी माणसाला घरचं वाटेल. मुकादमाला इंग्रज 'सेरंग' म्हणत, तो आपला सारंग. त्याच्या हाताखालचा 'टिंडल' म्हणजे तांडेल. कोकणपट्टीत हे आडनावही आहे. चाक धरणारा 'सीकनी' म्हणजे सुकाणी, सुकाणूवरचा. स्वयंपाक्याला 'भंडारी' म्हणत, पण तो भांडारावरून. कोकणातल्या भंडारी समाजाशी त्याचा संबंध जोडू नये. भरती सारंगाच्याच हातात, आपल्या गावातली, नात्यातली पोरं तो घेणार आणि त्यांच्याकडून दस्तुरी, म्हणजे दलाली, उकळणार. मुंबईच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ, तर सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दालनात, वाढपी-बटलर गोव्याचे ख्रिस्ती. कलकत्त्याहून येणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत सिल्हेटचे (आताच्या बांगलादेशातले) लोक जास्त. अँकर लाइन या कंपनीच्या बोटी तर थेट लिव्हरपूल-मुंबई फेऱ्या करत.

आणि लिव्हरपूलला त्यांच्यासारखे लोक नवखे नव्हते. मर्सी नदीला भरती-ओहोटीत दहा-दहा मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून १७१५ सालीच तिथे दरवाजे लावलेली बंदिस्त गोदी बांधली. जहाज आत घेतलं की माल उतरून नवा भरेपर्यंत मुक्काम. गुलामांच्या व्यापारावर शहर गबर झालं, मग कापसावर. गोदीलगतच्या गल्ल्यांत आयरिश, पश्चिम आफ्रिकेतल्या 'क्रू' जमातीचे खलाशी, ब्लू फनेल कंपनीच्या बोटींवरचे चिनी असे सगळे. तिथल्या वकील अब्दुल्ला क्विलियम यांनी १८८९ साली ब्रूम टेरेसमध्ये मशीद उघडली तेव्हा बंदरात आलेले लास्कर तिथे नमाजाला जात, आणि कुणी परमुलखात दगावला तर त्याचा दफनविधी क्विलियम करत. पण १९१९च्या दंगलीत याच शहरात जमावाने पाठलाग केलेल्या चार्ल्स वूटन या कृष्णवर्णीय खलाशाचा गोदीच्या पाण्यात जीव गेला. लढाईवरून परतलेल्या गोऱ्यांना बोटींवर काम हवं होतं, हे त्यामागचं मोठं कारण.

लास्कर हा शब्द गाळला की माणसंही कशी गळतात, यासाठी 'सिटी ऑफ बनारस'चं उदाहरण घ्या. १३ सप्टेंबर १९४० रोजी ही बोट बाँबहल्ल्यांपासून दूर कॅनडात पाठवायच्या ९० मुलांना घेऊन लिव्हरपूलहून निघाली आणि चार दिवसांनी जर्मन पाणबुडीने बुडवली. ७७ मुलं गेली, ही गोष्ट इंग्लंडात सर्वांना माहीत आहे. बोटीवरचे बहुतेक कर्मचारी लास्कर होते आणि तेही मोठ्या संख्येने बुडाले. ते मात्र कथनात 'क्रू' या एका शब्दात आटोपतात. १९३९च्या युद्धारंभी याच लोकांनी इंग्लंडच्या बंदरांत संप करून पगारवाढ मिळवली होती, हेही फारसं सांगितलं जात नाही.

तेव्हा माझं मत: माणसाच्या कामाबद्दल लिहिताय तर 'खलाशी' ठीक. सारंग, तांडेल, सुकाणी हे शब्द तर हक्काने वापरा, 'सेरंग-टिंडल' कशाला लिहायचं? पण करार, पगार, कायदा यांचा विषय निघाला की 'लास्कर'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करा, नाहीतर गोऱ्या खलाशात आणि त्याच्यात फरक काय, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. 'लष्करी खलाशी' मात्र चुकूनही लिहू नका. वाचणारा त्याला नौदलात नेऊन बसवेल.