डोळ्यांचा सर्जन निवडताना: कापडाखालच्या माणसाशी तो कसा बोलतो?

तुमच्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन सर्जनची नावं पुढे आली आहेत, दोघांच्याही पदव्यांची ओळ लांबलचक आहे आणि दोघांच्याही माहितीत 'रुग्ण सर्वप्रथम' असं लिहिलंय. मग ठरवायचं कशावरून, हा तुमचा प्रश्न. मी बावीस वर्षं डोळ्यांच्या थिएटरमध्ये स्क्रब सिस्टर होते, सर्जनच्या हातात हत्यारं देण्याचं काम. सर्जन जिथून दिसतो तिथे मी उभी होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पदव्यांचं आधी उरकते. वैद्यकीची मूळ पदवी आणि त्यावर डोळ्यांची पदव्युत्तर पदवी दोघांकडेही असणारच. बघायचं ते त्यापुढचं विशेष प्रशिक्षण कशातलं आहे. बुबुळाचा, पडद्याचा (म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या थराचा), काचबिंदूचा, तिरळेपणाचा सर्जन वेगवेगळा असतो. वडिलांना मधुमेह असेल आणि पडद्यावर सूज असेल, तर मोतीबिंदूत हात कितीही चांगला असला तरी तेवढ्याने भागत नाही. पडद्याचं बघणारं कुणीतरी हाताशी लागतं. हे तपासून झालं की ती ओळ बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा रुग्ण जागा असतो. ड्रॉप्सची भूल, फार तर डोळ्याशेजारी एक इंजेक्शन. चेहऱ्यावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक, वर मायक्रोस्कोपचा प्रखर दिवा. त्या माणसाला फारसं काही दिसत नसतं, पण ऐकू सगळं येत असतं. हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज, मशीनचा बदलणारा सूर, आमची कुजबुज. सर्जनचं तत्त्व काय आहे ते मला तिथे कळायचं.

मी ज्यांच्याबरोबर सर्वात जास्त काम केलं ते डॉक्टर कापड घालण्याआधी रुग्णाचा हात माझ्या मदतनीस सिस्टरच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "खोकला आला, शिंक आली, काही झालं तरी आधी हा हात दाबा, मी थांबतो." आणि ते खरंच थांबायचे. एका आजींनी एकाच ऑपरेशनमध्ये चार वेळा हात दाबला. चारही वेळा त्यांनी हत्यार बाहेर काढलं, "सावकाश, मला घाई नाही" म्हणाले आणि वाट बघितली. बाहेर यादीत आणखी अकरा जण होते. दुसरे एक सर्जन होते, हाताने अतिशय सफाईदार. पण काही अडलं की तोंडातून "अरे देवा" निघायचं. कापडाखालच्या माणसाची नाडी मॉनिटरवर लगेच वर चढलेली दिसायची. हाताची सफाई दोघांचीही सारखीच होती, तरी माझ्या माणसाला मी पहिल्यांकडेच नेलं.

सर्जन कुठून आला यालाही अर्थ असतो, फक्त तो पदवीच्या ओळीत सापडत नाही. माझे हे डॉक्टर सुरुवातीची बरीच वर्षं शिबिरांत काम केलेले. तिथे हाताने, लहान छेदातून, बिनटाक्याची ऑपरेशनं हजारोंनी केलेली. पुढे मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेणारं फेको मशीन आलं आणि तेही त्यांनी आत्मसात केलं. पण अगदी पिकलेला, तपकिरी, दगडासारखा मोतीबिंदू समोर आला आणि मशीनची ऊर्जा बुबुळाच्या आतल्या पेशींना त्रास देईल असं वाटलं, की ते शांतपणे छेद थोडा मोठा करून हाताच्या पद्धतीवर यायचे. ज्यांनी फक्त मशीनवरच शिकलेलं असतं त्यांना हे जड जातं, पद्धत बदलली म्हणजे हरलो असं वाटतं. म्हणून तुम्ही दोघांनाही विचारा, "मध्येच पद्धत बदलावी लागली तर?" उत्तर किती सहज येतं ते ऐका.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तरुणपणीच संधिवाताने गाठलं, बोटं वाकडी झाली. प्रसूतिशास्त्रात जायचं मनात होतं, ते सुटलं. त्याच बोटांनी ते डोळ्यांचं ऑपरेशन शिकले, हाताला जमतील अशी हत्यारं करून घेतली आणि आयुष्यात लाखाच्या वर ऑपरेशनं केली. 1976 साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 11 खाटांवर त्यांनी ते रुग्णालय सुरू केलं. दुखणाऱ्या हाताने काम करताना प्रत्येक हालचाल मोजून करावी लागते, आणि त्या संस्थेची शिस्तही अशीच आहे: एक ऑपरेशन संपेपर्यंत शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार. ऑपरेशनं जास्त म्हणजे दुर्लक्ष, असं अनेकांना वाटतं. व्यवस्था नीट बसवलेली असेल तर तसं होत नाही, उलट हात तयार राहतो.

डोळ्यात भिंग बसवण्याची सुरुवात करणारे ब्रिटिश सर्जन हॅरल्ड रिडली, यांचंही काम त्यांच्या अनुभवातूनच आलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे कण घुसलेले त्यांनी बघितले आणि डोळा ते कण बिनतक्रार सहन करतो हे त्यांच्या लक्षात राहिलं. पुढे एका विद्यार्थ्याने ऑपरेशन बघताना विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही? 29 नोव्हेंबर 1949 ला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिलं भिंग बसवलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं समव्यवसायींचा विरोध सोसला. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की शिकाऊ मुलाचा प्रश्न त्यांनी उडवून लावला नाही. तुमच्या वडिलांचा साधासा प्रश्न समोरचा डॉक्टर कसा घेतो, तेवढं बघाच.

आता एक अवघड गोष्ट. डोळ्याचं भिंग ज्या पिशवीत असतं आणि नवंही ज्यात बसवतात, तिची मागची बाजू काही मायक्रॉनच जाड असते, केसाहून कितीतरी पातळ. ती चांगल्या हातांतूनही शंभरात एखाद-दोन वेळा फाटते. मग आतला द्रव पुढे येतो, तो साफ करावा लागतो, भिंग वेगळ्या जागी बसवावं लागतं. यातून बहुतेक डोळे सावरतात. प्रश्न असतो तो संध्याकाळी काय होतं याचा. माझे डॉक्टर घरच्यांना खुर्चीवर बसवून कागदावर डोळा काढून दाखवायचे: इथे फाटलं, मी हे केलं, पुढचे काही आठवडे हे बघायचं. दुसऱ्या एका ठिकाणी मी ऐकलं, "तुमचा डोळाच कमजोर होता." त्या घरच्यांचे चेहरे मला अजून आठवतात. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून पडद्याच्या डॉक्टरकडे जायला त्यांना उशीर झाला. तेव्हा भेटीत थेट विचारा: "तुमच्याकडे पिशवी फाटण्याचं प्रमाण किती, आणि तसं झालं तर पुढे कोण बघतं?" स्वतःचा आकडा माहीत असलेला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

तपासणीतूनही बरंच कळतं. वडील प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेतात का, हे कुणी विचारलं? त्या गोळीने बाहुली ऑपरेशनमध्ये ढिली पडते आणि लहान होत जाते. ती पूर्वी घेऊन बंद केली असली तरी सांगायला हवं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीनिशी उतरतो. डोळ्याची लांबी नीट मोजली का? त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारं भिंग सुचवण्याआधी "रात्री गाडी चालवता का, वाचन किती करता" असं विचारलं का? त्या भिंगाने काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात, आणि पडदा खराब असेल तर ते बसवूच नये. ज्याने आधी भिंगांचा तक्ता पुढे केला आणि माणसाची चौकशी नंतर केली, त्याच्याकडे मी गेले नसते.

दोघांकडेही वडिलांना घेऊनच जा आणि बोलणं त्यांनाच करू द्या. तुम्ही बाजूला बसा. डॉक्टर वडिलांकडे बघून बोलतो की तुमच्याकडे, हे पहिल्या दोन मिनिटांत दिसेल. औषधांची पूर्ण यादी, साखरेचे ताजे रिपोर्ट आणि जुने चष्म्याचे नंबर बरोबर न्या. ऐकायला कमी येत असेल तर तेही आधी सांगून ठेवा, कारण कापडाखाली श्रवणयंत्र काढायला लावतात, आणि मग हात दाबायची खूण आधीच ठरवून घ्यावी लागते.