अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कॉन्फरन्स मोठ्या झाल्या की खेळाडूंच्या भरतीवर खरंच परिणाम होतो का?

तुम्ही विचारलंय की टेक्सास आणि ओक्लाहोमा ही कॉलेजं एसईसी या दक्षिणेकडच्या गटात गेली, कॅलिफोर्नियातली यूएससी आणि यूसीएलए मूळच्या मिडवेस्टच्या (उत्तर-मध्य भागातल्या) बिग टेन गटात गेली, तर त्यामुळे त्यांना जास्त चांगले खेळाडू मिळतात का, की ही नुसती टीव्हीच्या पैशांची उलथापालथ आहे. परिणाम होतो आणि चांगलाच होतो, पण सगळ्यांचा फायदा होत नाही. चांगले खेळाडू जिथे पिकतात त्या भागाच्या कॉलेज जवळ गेलं की लांब गेलं, ते आधी बघायचं.

मी डॅलसच्या उत्तरेला ॲलनमध्ये राहते. इथल्या हायस्कूलचं फुटबॉल स्टेडियम 18,000 लोकांचं आहे आणि 2012 साली ते बांधायला सुमारे 6 कोटी डॉलर लागले. हो, शाळेचं स्टेडियम. माझा मुलगा शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, त्यामुळे चार वर्षं मोसमातली शुक्रवारची संध्याकाळ आम्ही तिथल्या बाकांवर काढली. कायलर मरे याच शाळेचा. तो आधी टेक्सास ए अँड एमला गेला, मग ओक्लाहोमाला, आणि 2018 मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. सांगायचा मुद्दा, देशभरातले प्रशिक्षक या भागात येऊन ठाण मांडून बसतात.

कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा ठरलेला गट. मोसमातल्या बारा सामन्यांपैकी आठ-नऊ गटातच खेळायचे असतात. म्हणजे मुलगा कुठल्या गावांत खेळणार, कुठल्या चॅनेलवर दिसणार आणि घरच्यांना कितीदा बघायला जाता येणार, हे सगळं त्या गटावर ठरतं.

नेब्रास्काचं उदाहरण घ्या. 1970 ते 1997 या काळात पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेलं हे कॉलेज. राज्याची लोकसंख्या जेमतेम 20 लाख, म्हणजे संघ भरायला बाहेरूनच मुलं आणायची. टेक्सासची कॉलेजं असलेल्या बिग 12 या गटात होते तोवर टेक्सासच्या मुलाला सांगता यायचं की अरे, आम्ही तुझ्या राज्यात खेळायला येतोच, आजी-आजोबांनाही बघायला मिळेल. 2011 मध्ये ते बिग टेनमध्ये गेले आणि सामने आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे सरकले. टेक्सासशी असलेला धागाच तुटला. त्यांचं शेवटचं कॉन्फरन्स विजेतेपद 1999 चं आहे. सगळा दोष कॉन्फरन्सचा नाही, प्रशिक्षकही एकामागून एक बदलत गेले. तरीपण माझं स्पष्ट मत आहे की तिजोरी भरली आणि शेत हातचं गेलं. मला त्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण इतका निष्ठावान प्रेक्षक फार थोड्या ठिकाणी असेल.

याच्या नेमकं उलटं टेक्सास ए अँड एमचं झालं. ते 2012 मध्ये एसईसीत गेले. त्याआधी एसईसीत टेक्सासचं एकही कॉलेज नव्हतं. देशातल्या सगळ्यात तगड्या गटात खेळायचं आणि राहायचं आपल्याच राज्यात, हे इथल्या मुलाला पहिल्यांदाच शक्य झालं. पहिल्याच मोसमात त्यांनी गटातल्या बलाढ्य अलाबामाला त्यांच्या घरी जाऊन 29-24 असं हरवलं. (त्या सामन्याचा नायक जॉनी मॅनझेल मात्र एसईसीचं ठरण्याआधीच कॉलेजात दाखल झाला होता, त्याचं श्रेय कॉन्फरन्सला देता येणार नाही.) 2022 मध्ये तर त्यांनी घेतलेली नव्या मुलांची तुकडी देशात पहिल्या क्रमांकाची मानली गेली. आणि त्याच वर्षी संघ पाच सामने जिंकला, सात हरला! मुलं मिळवणं वेगळं आणि त्यांच्याकडून खेळ करून घेणं वेगळं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. दार उघडलं की दोन्ही बाजूंनी ये-जा सुरू होते. ए अँड एम एसईसीत गेलं, तशी अलाबामासारखी कॉलेजंही एक वर्षाआड टेक्सासात खेळायला येऊ लागली. ह्यूस्टनजवळच्या चॅनलव्ह्यूचा जेलन हर्ट्स 2016 मध्ये अलाबामालाच गेला.

आता घराजवळचा अनुभव सांगते. आमच्या शेजारणीचा मुलगा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडक घेणारा, सहा फूट पाच इंच. 2023 च्या पावसाळी हवेत, ऑक्टोबरात, मिडवेस्टमधल्या एका बिग टेन कॉलेजचे प्रशिक्षक त्यांच्या घरी येऊन गेले. तुझा मुलगा दोन्ही किनाऱ्यांवर खेळेल, देशभर टीव्हीवर दिसेल, असं ते म्हणाले. त्याच महिन्यात 2024 चं वेळापत्रक जाहीर झालं होतं. शेजारणीनं ते छापून फ्रिजवर लावलं आणि दोन पेनं घेऊन बसली. गाडीनं जाऊन त्याच दिवशी परत येता येईल तिथे हिरवी खूण, विमान लागेल तिथे लाल. सगळं लाल झालं. ती नर्स आहे, तीन मुलं आहेत, तिला दर आठवड्याला विमान परवडणार कसं? मला म्हणाली, "टीव्हीवर तर तो सगळ्यांनाच दिसेल. मला तो सामना संपल्यावर भेटायला हवा." प्रशिक्षक मुलाशी बोलतात, पण निर्णयात आईचा वाटा किती असतो हे मी त्या स्वयंपाकघरात बघितलं.

मागे राहिलेल्यांचं दुःख मात्र वेगळंच. 2024 मध्ये पश्चिम किनाऱ्याकडची पॅक-12 ही कॉन्फरन्स फुटली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट दोघंच उरले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) कॅम वॉर्ड मायामीच्या कॉलेजात गेला आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, पहिला निवडला गेला. त्याच्या जागी जॉन मटीअर आला, आमच्या इथून जवळच्या लिटल एल्मचा मुलगा. एक मोसम छान खेळला आणि तोही ओक्लाहोमाला गेला, म्हणजे एसईसीत आणि घरापासून अडीच-तीन तासांवर. मुलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कुणाच्या नजरेत न भरलेली पोरं हेरून ज्यांनी घडवली, त्यांच्या हाती काय राहिलं? कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची गत झाली.

पैशाचं थोडक्यात सांगते. जुलै 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं आणि 2025-26 पासून कॉलेज स्वतः त्यांना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळाडूंना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांचा, 700 कोटी डॉलरांहून मोठा. एवढं पाठबळ असलेल्याला ती मर्यादा गाठणं सोपं. पण टेक्सास टेकसारखं बिग 12 मधलं कॉलेजही देणगीदारांच्या जोरावर भारी खेळाडू आणतं, म्हणजे कॉन्फरन्सचा शिक्का पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही.

तरीही तो शिक्का केवढ्याला विकत घेतला जातो ते डॅलसच्या एसएमयूकडे बघून कळतं. खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल (तेव्हा ते नियमाबाहेर होतं) 1987 चा अख्खा मोसम गमावलेलं हे कॉलेज पुढे कित्येक वर्षं दुय्यम गटांत अडकलं होतं. 2024 मध्ये एसीसी या मोठ्या गटात जागा मिळावी म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या टीव्हीच्या उत्पन्नावर पाणी सोडलं! गावातली गुणी पोरं डोळ्यांदेखत बाहेर जायची, ती आता "इथेच राहून मोठ्या गटात खेळ" म्हणून थांबवता येतात. पहिल्याच वर्षी ते थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत पोहोचले.

शेजारणीच्या मुलानं शेवटी टेक्सासमधलंच एक कॉलेज निवडलं, घरापासून अडीच तासांवरचं. फ्रिजवर आता त्यांचं वेळापत्रक आहे आणि त्यावर सात हिरव्या खुणा आहेत.