टर्बन म्हणजे फेटा नव्हे

प्रश्न: लेऑन बाक्स्ट यांनी ‘शेहेराझाद’ या बॅलेसाठी केलेल्या कपड्यांवर लिहिते आहे. ‘हॅरम पँट’ला मराठीत काय म्हणावे? ‘टर्बन’ला ‘फेटा’ चालेल ना?

पहिले सोपे आहे. सुरवार म्हणा. कुणी ‘चोळणा’ सुचवतात, पण चोळणा गुडघ्याशी संपतो. बाक्स्टच्या चित्रांतली सुरवार घोळदार उतरते आणि घोट्याशी आवळली जाते. ‘हॅरम’ आणि ‘हराम’ एकाच अरबी धातूचे, हे ठाऊक असेलच.

‘फेटा’ मात्र चालणार नाही! हल्ली डोक्यावर कापड दिसले की लोक फेटा म्हणून मोकळे होतात. फेटा दर वेळी डोक्यावर बांधायचा. पगडी पगडबंद आधीच घडवून देतो, ती नुसती चढवायची. इतका नेमका भेद आपल्या भाषेत असताना कोशकारांनी टर्बनपुढे पागोटे, फेटा, पगडी सरसकट ओळीने मांडावेत, याचा मला मनापासून राग येतो.

आणि शब्द तरी केवढा सुंदर! फारसी ‘दुलबंद’, त्याचे तुर्कीत ‘तुल्बेंद’, तिथून युरोपात ‘टर्बन’. ‘ट्यूलिप’ही याच शब्दातून फुलले, फुलाचा आकार पागोट्यासारखा म्हणून युरोपीयांनी त्याला पागोट्याचेच नाव दिले. तुर्क स्वतः त्या फुलाला ‘लाले’ म्हणतात. ‘दुलबंद’मधला ‘बंद’ म्हणजे आपल्या पगडबंदातला, कमरबंदातला. संस्कृत ‘बन्ध्’चा सख्खा भाऊ. माझे मत असे, की हा शब्द निघाला तेव्हा फेट्याचा होता आणि पॅरिसला पोचेपर्यंत पगडीचा झाला.

पुरावा पॅरिसचा पोशाखकार पॉल प्वारे याचा. जून १९१० मध्ये पॅरिसच्या ऑपेरात रशियन बॅले मंडळीचे ‘शेहेराझाद’ झाले आणि तिथल्या बायकांच्या डोक्यांवर टर्बन बाक्स्टमुळेच चढले, असे फॅशनचे अभ्यासक बिनदिक्कत लिहितात. मला ते अर्धवट वाटते. रशियन बॅलेचा थोडाफार परिणाम प्वारे नाकारत नाही, पण बाक्स्टच्या कितीतरी आधी आपले नाव झाले होते, असे तो आत्मचरित्रात ठणकावून सांगतो. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात भारतीय पागोटी पाहून तो वेडावला आणि त्यांच्या नकला उतरवायला त्याने आपल्या कार्यशाळेतली कारागीर तिकडे धाडली. म्हणजे नमुने आपल्याकडचे! त्यांवरून घडवलेली टर्बन पॅरिसच्या बायका टोपीसारखी चढवत.

तेव्हा पगडी लिहा.