आधी बघा, मग टाका: कॉम्प्युटरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. रोज रात्री न चुकता शटडाउन करतो तरी चार-आठ दिवसांत रखडायला लागतो. एखादं चांगलं क्लीनर सॉफ्टवेअर सुचवा.

क्लीनर नका टाकू. आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर क्लिक केलं की खाली 'अप टाइम' म्हणून एक आकडा पळताना दिसतो, मशीन कधीपासून चालू आहे त्याचा. तुम्ही काल रात्री बंद केलेल्या लॅपटॉपवर तिथे बहुतेक कित्येक दिवस दिसतील. याचं कारण फास्ट स्टार्टअप. ही सोय विंडोज 8 पासून आली, यात शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय अशी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) आहेत तसे डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तेच परत उचलतात, म्हणून मशीन झटकन चालू होतं. पण ड्रायव्हरमध्ये काही गुंता झाला असेल तर तोही तसाच्या तसा परत येतो. रीस्टार्टमध्ये असं होत नाही, सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून मधूनमधून शटडाउनऐवजी रीस्टार्ट करत जा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तरीही रखडत असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेस उघडा आणि मेमरीच्या मथळ्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. बऱ्याचदा तो ब्राउझरच निघतो. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी धरून बसलंय ते नावानिशी कळतं. मग स्टार्टअप अॅप्स बघा, तिथे मीटिंगचं, गेमचं, प्रिंटरचं असं काय काय आपणहून चालू होत असतं. रोज लागत नाही ते डिसेबल करा, त्याने प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप उघडायचा थांबतो. अँटिव्हायरसला हात लावू नका.

आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कखाली एचडीडी म्हणजे फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असं लिहिलेलं असेल तर खरं उत्तर एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाकणं हेच आहे, कुठलंही सॉफ्टवेअर तेवढा फरक पाडू शकत नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, ती साफ करतो म्हणणारे क्लीनर तर मुळीच नकोत, मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यांना सपोर्ट देत नाही, आणि चुकीची एन्ट्री उडाली तर चालतं मशीन बंद पडू शकतं.

प्रश्न: एक गोष्ट कॉपी केली की आधीची जाते. यावर काही उपाय?

विंडोजचं बटण आणि व्ही दाबा. पहिल्यांदा चालू करायला विचारेल, हो म्हणा. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी तिथे मिळतात, स्क्रीनशॉटसुद्धा. नेहमी लागणारा मजकूर पिन करून ठेवा, बाकीचं रीस्टार्टला जातं पण पिन केलेलं राहतं. 2018 पासून ही सोय विंडोजमध्ये आहे आणि अजून कितीतरी जणांना माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. एक काळजी घ्या, कॉपी केलेला पासवर्डही तिथे दिसू शकतो, ऑफिसच्या सामायिक मशीनवर ही सोय बंदच ठेवा.

प्रश्न: फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही आणि विंडोजचं सर्च नुसतं फिरत राहतं.

'एव्हरीथिंग' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. नवीन मशीन हातात आलं की मी सगळ्यात आधी हेच टाकतो. नावातली दोन-तीन अक्षरं टाइप करेपर्यंत यादी समोर असते. हे इतकं फास्ट असण्याचं कारण म्हणजे ते एकेक फोल्डर उघडून शोधत बसत नाही, एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजमध्ये डिस्क बहुतेक याच पद्धतीची असते) सगळ्या फाइल्सची एक मुख्य नोंदवही असते तीच थेट वाचतं. फक्त ते मुळात नावावरून शोधतं, फाइलच्या आतल्या मजकुरावरून नाही, त्यामुळे फाइलींना नावं नीट द्या. 'न्यू डॉक्युमेंट 7' कशात आहे ते कुणालाच सापडणार नाही.

प्रश्न: सगळे पासवर्ड डेस्कटॉपवर एका नोटपॅड फाइलमध्ये ठेवलेत. पासवर्ड मॅनेजर खरंच सेफ असतो का? सगळं एकाच जागी ठेवायची भीती वाटते.

सगळं एकाच जागी आत्ताही आहेच ना, फक्त कुलूप नाहीये. पासवर्ड मॅनेजर सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डच्या कुलपात ठेवतो. त्यातलं बिटवॉर्डन घ्या, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर चालतं. ऑनलाइन काहीच ठेवायचं नसेल तर कीपासएक्ससी, त्यात सगळं तुमच्याच मशीनवर एका एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, फाइलमध्ये राहतं, मात्र त्या फाइलचा बॅकअप तुमचा तुम्हाला घ्यावा लागतो.

याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. मॅनेजरचं एक्स्टेन्शन साइटचा पत्ता जुळला तरच पासवर्ड सुचवतं. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं खोटं पान उघडलं तर आपले डोळे फसतात, पण पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी एक्स्टेन्शन गप्प बसतं. ते गप्प बसलं की तुम्हीही थांबा, हाताने पासवर्ड टाकू नका. मास्टर पासवर्ड लांबलचक ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील. आणि ईमेलला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, उदाहरणार्थ फोनवरचा कोड) लावाच, कारण बाकी सगळ्या खात्यांचे रीसेट मेल तिथेच येतात.

प्रश्न: फोटो आणि कागदपत्रं क्लाउडला सिंक आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण सिंक म्हणजे आरसा. इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. ट्रॅशमधून परत मिळतं हे खरं, पण गूगल ड्राइव्हमध्ये ते 30 दिवसच राहतं, आणि चुकून उडालेलं फोल्डर आपल्याला आठवतं ते परीक्षेच्या नाहीतर टॅक्स भरायच्या वेळी. त्यामुळे एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, ठरावीक दिवशी कॉपी घ्या आणि झाल्यावर ती काढून ठेवा. सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या फाइल्सही लॉक करतो. कधीतरी त्या डिस्कवरून एखादी फाइल परत उघडूनही बघा.

प्रश्न: दादा, मी कॉलेजला आहे, कोडिंग शिकतेय. प्रोजेक्टची फायनल, फायनल 2, फायनल नवीन अशी फोल्डरं झालीत. मित्र म्हणतात गिट शिक, पण ते अवघड वाटतं.

शीक, आजच सुरू कर. गिट प्रोजेक्टच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवतं, मग अशी फोल्डरं लागत नाहीत. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं, म्हणून त्यात हजारो लोकांच्या कामाला पुरतील इतक्या कमांड आहेत, पण तुला आत्ता 'गिट इनिट', 'गिट अॅड', 'गिट कमिट' आणि 'गिट लॉग' एवढंच लागतं. एक काम झालं आणि चालतंय असं दिसलं की कमिट, म्हणजे त्या टप्प्याची नोंद. मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिही, काय बदललं ते गिट दाखवतंच. ब्रँच, मर्ज, रीबेस गरज पडेल तसं येईल, आधीच पाठ करायला बसू नकोस. व्हीएस कोडमध्ये डाव्या बाजूला सोर्स कंट्रोल आहे, तिथे जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी दिसते, कमिटच्या आधी ती वाचायची सवय लाव, विसरून राहिलेल्या प्रिंटच्या ओळी तिथेच सापडतात.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत, टाक. एकदा कमिट झाली की नंतर फाइल डिलीट केलीस तरी ती हिस्टरीत राहते आणि रिपॉझिटरी (गिट सांभाळतं ते प्रोजेक्टचं फोल्डर) पब्लिक असेल तर कुणालाही काढता येते. तसं झालंच तर हिस्टरी साफ करायच्या मागे आधी लागू नकोस, ती की पहिल्यांदा रद्द कर आणि नवीन घे.